विजेच्या मोटारीचा जमाखर्च

विजेच्या मोटारीविषयी बोलताना पहिले वाक्य बहुधा एकच असते : "हिला पेट्रोल लागत नाही." वाक्य खरे आहे. पण जमाखर्चाच्या वहीत जसे जमेचे एक पान असते तसे खर्चाचेही एक पान असते, आणि या मोटारीच्या बाबतीत खर्चाचे पान वाचण्याची घाई सहसा कोणी करीत नाही. गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष झाले, विम्याचे नूतनीकरण आले, विजेचे बिल फुगले, सोसायटीची सभा झाली, म्हणजे मग ते पान आपोआप उघडते. ते अगोदरच उघडून पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. विजेची मोटार वाईट, असे मला म्हणायचे नाही. ती शहराच्या हवेत धूर सोडत नाही, आवाज करीत नाही, तिला ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यांची कटकट नाही. प्रश्न एवढाच आहे की, पेट्रोलपंपावर वाचलेला पैसा खरोखर वाचतो, की दुसऱ्या एखाद्या दाराने बाहेर जातो? आणि वाचत असेल, तर तो कोणाचा वाचतो?

आता आधी गाडीची रचना पाहू. पेट्रोलच्या मोटारीत टाकी स्वस्त असते आणि टाकीत भरायचे पेट्रोल महाग असते. विजेच्या मोटारीत हे नेमके उलटे आहे. टाकी, म्हणजे बॅटरी, अतिशय महाग. आणि तिच्यात भरायची वीज त्या मानाने स्वस्त. किमतीच्या दृष्टीने बॅटरी हाच गाडीचा सर्वांत मोठा भाग. म्हणजे पेट्रोलवाला आपला खर्च दर आठवड्याला थोडाथोडा करतो, तर वीजवाला पुढल्या कित्येक वर्षांचा इंधनखर्च गाडी घेतानाच एकरकमी भरून बसतो. हा एक मुद्दा ध्यानात ठेवला, की पुढचे सगळे सोपे जाते.

थोडा हिशोब करू. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी ते गोल धरतो. आपापल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने तो पुन्हा मांडावा. समजा, गाडी महिन्याला १,००० किलोमीटर धावते. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे. महिन्याचे पेट्रोल झाले सुमारे ६,७०० रुपयांचे. विजेची गाडी एका युनिटात ७ किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे १४३ युनिटे लागली. घरी चार्जिंग करताना भिंतीपासून बॅटरीपर्यंत पोचेतो थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून मीटरवर १६० युनिटे पडतील. युनिटला १० रुपये धरले तर १,६०० रुपये. म्हणजे महिन्याला ५,१०० रुपये वाचले. उत्तम!

पण आता हीच गाडी बाहेरच्या सार्वजनिक जलद चार्जरवर भरली तर? तेथे युनिटला २० रुपयांच्या घरात दर असतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बिल झाले जवळजवळ ३,४०० रुपये. बचत उरली ३,३०० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. पण प्लग कोणाच्या भिंतीला आहे एवढ्यावरून महिन्याला १,८०० रुपयांचा फरक पडला.

पुढे चला. तशीच पेट्रोलची गाडी आणि विजेची गाडी यांच्या किमतीत ३ लाख रुपयांचे अंतर आहे असे समजू. घरी चार्जिंग करणाऱ्याचे हे अंतर भरून यायला जवळजवळ पाच वर्षे लागतील. बाहेर चार्जिंग करणाऱ्याला साडेसात वर्षे. आणि ज्याची गाडी महिन्याला १,००० नव्हे तर ५०० किलोमीटरच धावते, म्हणजे बाजार, लग्नकार्य आणि रविवारचा फेरफटका, त्याला घरच्या विजेवर दहा वर्षे आणि बाहेरच्या विजेवर पंधरा वर्षे! शिवाय हे तीन लाख कर्जाऊ घेतले असतील तर ९ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच पंचवीस हजारांच्या घरात जाते. महिन्याला दोन हजार झाले की हो! बाहेर चार्जिंग करणाऱ्याच्या ३,३०० रुपयांतले दोन हजार पहिल्या वर्षी व्याजातच गेले. सर्व्हिसिंगचा खर्च या गाडीला कमी येतो, ते जमेला जरूर धरावे. पण त्याने चित्र फारसे पालटत नाही.

काही जणांना वाटेल, बॅटरी विकत न घेता भाड्याने मिळाली तर किती बरे! तीही सोय आता निघाली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही गाडी आणली, तेव्हा बॅटरीवाचून तिची किंमत १० लाखांच्या आत ठेवली आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये सांगितले. तो दर आपल्या उदाहरणाला लावून पाहा. १,००० किलोमीटरचे भाडे ३,५०० रुपये. त्यात घरची वीज १,६००, एकूण ५,१००. पेट्रोलपेक्षा अजून कमी आहे, ठीक. पण बाहेरची वीज धरली तर ६,९००, म्हणजे पेट्रोलच्याही वर! अर्थात येथे सुरुवातीचे अंतर राहत नाही, हे खरे. पण 'इंधनावर बचत' हा शब्दही मग राहत नाही. टाकी महाग आहे ही गोष्ट भाड्याने घेतल्यामुळे खोटी ठरत नाही. ती फक्त हप्त्याहप्त्याने कळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विजेच्या मोटारीचा खरा लाभ ज्याच्या दाराशी स्वतःची जागा आणि स्वतःचे मीटर आहे त्याला मिळतो. बंगलेवाल्याला ते सोपे आहे. छपरावर सौर पत्रे बसवलेले असतील तर सोन्याहून पिवळे. पण आपल्या शहरांतले पुष्कळ लोक सदनिकांत राहतात. कित्येकांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून वायर खाली सोडून गाडी चार्ज करता येत नाही. आणि कोणी करू म्हणेल तर करूही नये, कारण ते धोक्याचे आहे.

सोसायटीत चार्जिंगची सोय करायची तर काय काय लागते? पंधरा-सोळा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून तीन-सव्वातीन किलोवॅट वीज रात्रभर ओढली जाते. भिंतीवरचा चार्जर लावला तर तीच सात किलोवॅटच्या पुढे जाते. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीचे वायरिंग हे ओझे डोळ्यांपुढे ठेवून केलेले नसते. मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत जाड केबल, स्वतंत्र अर्थिंग, मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज, आणि या सगळ्याच्या आधी सोसायटीची संमती. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणानेही नव्या निवासी इमारतींत किमान २० टक्के पार्किंग जागा अशा चार्जिंगला सज्ज असाव्यात असे म्हटले होते. पण जुन्या इमारतीत, जेथे पार्किंगची जागाच चिठ्ठ्या टाकून ठरते, तेथे एकाने केबल ओढली की दुसरा विचारतो, "उद्या आम्ही दहा जणांनी गाड्या आणल्या तर ट्रान्सफॉर्मर कोण बदलणार?" हा प्रश्न भांडखोरपणाचा नव्हे, रास्त आहे. आणि त्याचे उत्तर काढायला जो पैसा लागतो तोही गाडीच्या खर्चातच धरला पाहिजे.

विजेच्या बिलाचीही एक गंमत आहे. महावितरणचे घरगुती दर चढत्या पायऱ्यांचे आहेत : पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. पायरी चढावी तसा दर वाढतो. एखाद्या कुटुंबाचा वापर १५० युनिटांचा असेल आणि त्यात गाडीची १६० पडली, तर ती वरच्या पायरीवर पडतात. उन्हाळ्यात घरात वातानुकूलन यंत्र चालू असेल तर आणखी वर. म्हणजे घराच्या बिलाला जो सरासरी दर पडत होता, त्या दराने गाडीचा हिशोब केला तर तो चुकतो. गाडीला पडतो तो शेवटच्या पायरीचा दर. वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र दर मागता येतो. तो कोणाला फायद्याचा पडेल हे ज्याच्या त्याच्या बिलावर अवलंबून आहे. पण चौकशी अवश्य करावी.

आता बॅटरीकडे वळू. आपल्याकडे २००१ साली बंगळुरात रेवा नावाची छोटी विजेची मोटार निघाली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्या काही वर्षांनी बदलाव्या लागत. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या त्याहून पुष्कळच टिकाऊ आहेत. तरी त्या अमर नाहीत. भरणे आणि रिकामे होणे या प्रत्येक फेऱ्यात त्यांची साठवणूक अगदी किंचित कमी होते. उष्णतेने हे काम लवकर होते. गाडी दिवसेंदिवस शंभर टक्के भरून कडक उन्हात उभी करणे आणि वरचेवर जलद चार्जिंग करणे, या दोन्ही गोष्टी बॅटरीला मानवत नाहीत. येथे पुन्हा तीच विषमता दिसते. ज्याला घरी प्लग आहे तो रात्री सावकाश चार्ज करतो आणि बॅटरी जपतो. ज्याला नाही त्याला जलद चार्जरवाचून गत्यंतर नाही. तो वीजही महाग घेतो आणि बॅटरीही लवकर झिजवतो.

कंपन्या बॅटरीला सर्वसाधारणपणे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी देतात. साठवणूक एका ठरावीक मर्यादेखाली, बहुधा ७० टक्क्यांच्या खाली, गेली तरच ती हमी लागू होते. म्हणजे ७२ टक्के उरले तर तक्रार चालत नाही. आणि अपघात किंवा पुराचे पाणी यांचा हमीशी संबंधच नाही, तो विम्याचा विषय. अलीकडे काही कंपन्या याहून दीर्घ हमी देऊ लागल्या आहेत. पण ती पहिल्या मालकापुरती असते. गाडी विकायला काढली की या 'पहिल्या मालकापुरती' शब्दांचे वजन कळते.

जुन्या पेट्रोल गाडीला मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून, धूर पाहून किंमत सांगतो. विजेच्या गाडीची तब्येत अशी कानाने कळत नाही. गिऱ्हाईकाला धास्ती बॅटरीची. म्हणून तो भाव पाडून मागतो. शिवाय गेल्या दहा-पंधरा वर्षांत बॅटऱ्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या आणि नव्या गाड्या जास्त पल्ल्याच्या निघाल्या. नवे स्वस्त आणि सरस झाले म्हणजे जुन्याचा भाव पडायचाच. यात कोणाची लबाडी नाही. पण पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याच्या खिशाला पडणारे सर्वांत मोठे भोक हेच आहे, आणि ते कोणत्याही मासिक बिलात दिसत नाही.

विम्याचेही असेच. तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्यात विजेच्या गाड्यांना जून २०२२ पासून १५ टक्के सवलत मिळाली. जाहिरातीत ती ठळकपणे सांगतात. पण विम्याचा मोठा भाग असतो तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, आणि तो ठरतो गाडीच्या किमतीवर. किंमत जास्त म्हणून हप्ता जास्त. बॅटरी गाडीच्या तळाशी असते. एखादा दगड किंवा उंच गतिरोधक खालून लागला, बॅटरीचे कवच चेपले, तर पत्रा ठोकून काम भागत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून झालेले बॅटरीचे नुकसान साध्या पॉलिसीत येते की त्याला वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते, हे आपल्याकडच्या पावसात प्रत्येकाने विचारून, लेखी घेतले पाहिजे. बॅटरीमुळे गाडी दोन-अडीचशे किलोंनी जड होते आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, म्हणून टायर लवकर झिजतात. ही बाब लहान आहे, पण खर्चाच्या पानावर तिचीही एक ओळ असते.

लांबच्या प्रवासाबद्दल थोडेसे. गाडीचा जो पल्ला जाहीर होतो तो चाचणीच्या ठरीव परिस्थितीतला असतो. रस्त्यावर वेग, वातानुकूलन, पाच माणसे, सामान आणि घाट यांनी तो कमी होतो. ४० युनिटांच्या बॅटरीवर, तळ गाठायचा नाही असे ठरवले तर, सव्वादोनशे किलोमीटर निर्धास्त धरावेत. मुंबईहून रत्नागिरी यापेक्षा दूर आहे. म्हणजे वाटेत एकदा तरी थांबणे आले, आणि जलद चार्जरवरही पाऊण-एक तास जातो. एरवी हा तास चहा-नाश्त्यात निघून जाईल. पण गणपतीला अर्धी मुंबई कोकणात निघालेली असताना आपल्यापुढे तीन गाड्या उभ्या असतील, तर तो तास चार तासांचा होतो.

येथपर्यंत आपण गाडीचा खर्च पाहिला. पण खर्च वाढण्याचे एक कारण गाडीत नसून सरकारच्या तिजोरीत आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलवर केंद्राचा अबकारी कर आहे, राज्याचा विक्रीकर आहे. रस्ते, पूल यांचा खर्च अशाच उत्पन्नातून निघतो. विजेची गाडी हा कर भरत नाही. अशा गाड्या थोड्या असतात तोवर त्यांना सवलती देणे परवडते, नव्हे, देणे शहाणपणाचेही असते. गाड्या पुष्कळ झाल्या म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग सवलती एकेक करून आटतात.

हे नुसते अनुमान नव्हे. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांना दर १,००० किलोमीटरला ७६ डॉलर रस्तेशुल्क लावले. आइसलंडने त्याच वर्षाच्या जानेवारीत किलोमीटरवर शुल्क सुरू केले. ब्रिटनमध्ये या गाड्यांना वार्षिक वाहनकर माफ होता. एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. लंडनच्या मध्यभागात शिरण्याच्या शुल्कातली पूर्ण माफी डिसेंबर २०२५ मध्ये संपली; आणि एप्रिल २०२८ पासून मैलामागे तीन पेन्स घेण्याचे तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अमेरिकेत नव्या गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली.

आपल्याकडे काय झाले? विजेच्या गाडीवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात वजावट मिळत होती. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीचा कर काही वाढला नाही. पण शेजारणीचे ओझे कमी झाले, म्हणजे हिचा फायदा तेवढा घटलाच. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर १० टक्के आजीवन कर लावला. महाराष्ट्रात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. उलट २०२५ च्या नव्या धोरणाने वाहनकर माफ ठेवला आणि ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथील टोलही माफ केला. ही चांगली गोष्ट आहे. मात्र धोरणाला मुदत असते. आज घेतलेली गाडी दहा-बारा वर्षे चालवायची, आणि हिशोब मात्र आजच्याच सवलतींवर करायचा, हे शहाणपणाचे नाही.

मग विजेची मोटार घ्यावी की नाही? ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आणि मीटर आहे, ज्याची गाडी रोज तीस-चाळीस किलोमीटर हमखास धावते, जो ती आठ-दहा वर्षे ठेवणार आहे, त्याने खुशाल घ्यावी. तिचा खर्च भरून येईल आणि हवाही थोडी स्वच्छ राहील. ज्याला यातले पहिलेच नाही, त्याने जरा दमाने घ्यावे. निदान दुकानात जाण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : गाडी रात्री कोठे चार्ज होणार? महिन्याला खरोखर किती किलोमीटर होतात? विजेच्या बिलाची कोणती पायरी लागणार? दुसऱ्या वर्षीचा विमा किती? आणि हमी पुढच्या मालकाकडे जाते का?

आणि एक प्रश्न आपल्या सर्वांसाठी. स्वस्त वीज बंगल्यातल्या गाडीला आणि महाग वीज रस्त्यावरच्या गाडीला, अशी जर स्थिती राहिली, तर या नव्या वाहनाचा लाभ ज्याला आधीच पुष्कळ आहे त्यालाच मिळत राहील. गाडीवर दिलेल्या सवलतीतला काही भाग सोसायट्यांच्या केबलीवर, वस्त्यांतल्या सावकाश चार्जिंगच्या खांबांवर आणि तिथल्या विजेचा दर उतरवण्यावर खर्च झाला, तर तो अधिक लोकांच्या कामी येईल. टॅक्सीवाला, रिक्षावाला, भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून, यांना घरच्या दराने गाडी भरता आली, म्हणजे मग "पेट्रोल लागत नाही" हे वाक्य त्यांच्याही जमेच्या पानावर लिहिता येईल.